मूत्राशयाचे आजार आणि इजा: जळजळीपासून फाटण्यापर्यंत

अनुस्वार

लघवीच्या तक्रारींवरची कुठलीही चर्चा "भरपूर पाणी प्या" आणि "इन्फेक्शन असेल, कोर्स करून टाका" इथे येऊन थांबते. पण मूत्राशयाची लक्षणं मोजकीच आहेत: आग, घाई, वारंवार जावं लागणं, ओटीपोटात दुखणं, रक्त, आणि लघवी न होणं किंवा न आवरणं. जंतुसंसर्ग, खडा, क्षय, कर्करोग, प्रोस्टेटचा अडथळा आणि मज्जातंतूंचा बिघाड हे सगळे आजार त्यातल्याच दोन-तीन लक्षणांनी सुरू होतात. त्यामुळे नुसत्या लक्षणावर औषध सुरू केलं की फसगत ठरलेली. इथे रुग्ण सांभाळणारे, लॅबवाले, नर्सिंगमधले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय. गोळ्यांचे डोस इथे माहितीसाठी येतील, ते वाचून कुणी आपले आपण औषध घेऊ नये.

आधी थोडी रचना. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिली लघवी मावते. पहिली जाणीव १५० ते २०० मिलीच्या आसपास होते. भिंतीतला डेट्रुसर स्नायू भरताना सैल राहतो, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. लघवी करताना तो आवळतो आणि त्याच क्षणी खालचा झडपेचा स्नायू सैल सुटतो. या दोघांचा मेळ पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या भागातल्या एस २ ते एस ४ या नसा आणि मेंदूचं देठ मिळून राखतात.

म्हणून प्रत्येक तक्रारीत पहिला प्रश्न एकच: बिघाड साठवण्यात आहे की रिकामं करण्यात? याचं उत्तर सोनोग्राफीच्या एका आकड्यात मिळतं. लघवी करून आल्या आल्या आत किती उरली ते मोजायचं. ५० मिलीच्या आत असेल तर उत्तम, २०० च्या वर असेल तर रिकामं होण्यात नक्की गडबड आहे. हा आकडा न बघता "घाई होते" म्हणून मूत्राशय सैल करणारी गोळी दिली आणि आत आधीच ४०० मिली तुंबलेली असली, तर उरलीसुरली धारही बंद पडते. अगदी नेहमी होणारी चूक आहे ही.

मोजण्यातही एक मेख आहे. सोनोग्राफीसाठी रुग्णाला लिटर-दीड लिटर पाणी पाजून तासभर ताटकळत ठेवलं की मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. नेहमीची भावना झाली की जाऊ द्यावं, आणि परत आल्यावर दहा मिनिटांच्या आत मोजावं.

काचपट्टी

धागा उत्तम. लॅबच्या बाजूने नमुन्याबद्दल लिहिते, कारण कल्चरचे (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या चाचणीचे) निम्मे घोळ बाटलीतच होतात.

नमुना मधल्या धारेचा हवा. बायकांनी योनीमुखाचे दोन्ही ओठ बाजूला धरून समोरून मागे एकदा साध्या पाण्याने धुवायचं, पुरुषांनी त्वचा मागे घेऊन. जंतुनाशक लावू नका, ते नमुन्यात उतरलं तर जंतूंची वाढच दबते. पहिली धार सोडून द्यायची, धार न थांबवता मधली बाटलीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. बाटलीच्या आत बोट नको, झाकण उपडं ठेवू नका. दोन तासांच्या आत लॅबला पोचली पाहिजे. ते जमत नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवा, तिथे २४ तास चालते. खोलीच्या तापमानाला चार-पाच तास राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट "भरघोस" येतो.

आणि प्रतिजैविकाची पहिली गोळी कल्चरची बाटली भरल्यानंतरच.

रिपोर्ट वाचताना:

१ मिलीत १ लाख हा जुना उंबरठा आहे. स्पष्ट लक्षणं असलेल्या बाईत हजार, कधी त्याहूनही कमी ई. कोलाय महत्त्वाचे असतात. उलट तीन-चार प्रकारचे जंतू मिसळून वाढलेत असं लिहिलं असेल तर तो बहुधा त्वचेवरचा कचरा. नमुना परत घ्या.

लघवीत बुडवून बघायच्या पट्टीवर नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे संसर्ग नाही, असं नसतं. एन्टेरोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस नायट्राइट बनवत नाहीत. जे बनवतात त्यांनाही लघवी आत चारेक तास साठलेली लागते. दर अर्ध्या तासाने जाणाऱ्या रुग्णात पट्टी कोरी राहणारच. म्हणून सकाळची पहिली लघवी.

आणखी एक. पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर, पण कल्चर पुन्हा पुन्हा निर्जंतुक: याला "कल्चर चुकलं" म्हणून सोडू नका. आधीच घेतलेलं प्रतिजैविक, क्षय, खडा, क्लॅमिडियासारखा संसर्ग, गाठ, सगळं या एका ओळीत दडलेलं असतं. क्षयासाठी साधं कल्चर कामाचं नाही. ओळीने तीन दिवस सकाळची पहिली पूर्ण लघवी, त्यावर क्षयजंतूंचं वेगळं कल्चर आणि जोडीला सीबीनॅट, म्हणजे क्षयजंतूंची जनुकीय चाचणी. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात, सीबीनॅटचं उत्तर त्याच दिवशी मिळू शकतं.

वैद्यबुवा नव्हे

सिस्टायटिसच्या, म्हणजे मूत्राशयाच्या संसर्गाच्या, उपचारावर.

साधा संसर्ग म्हणजे गरोदर नसलेली, एरवी निरोगी बाई, ताप नाही, कुशीत दुखत नाही. बहुतेक वेळा ई. कोलाय. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, पुरुषांचा २० सेंमीच्या आसपास. त्यामुळे गुदद्वाराजवळचे जंतू बायकांत सहज वर पोचतात, स्वच्छता कितीही ठेवली तरी. "तुम्ही स्वच्छता पाळत नाही" हे बाईला ऐकवणं बंद व्हायला हवं.

नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस, जेवणासोबत. किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅम, एकच डोस, रात्री झोपताना मूत्राशय रिकामं करून. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरतं पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत त्याचं प्रमाण पुरेसं होत नाही. म्हणून ताप-थंडी आणि कुशीत दुखणं असेल तर हे औषध निरुपयोगी. मूत्रपिंडाचं काम बरंच घटलं असेल तरी देत नाहीत, कारण मग ते लघवीतच नीट उतरत नाही. जी६पीडी (लाल पेशींतलं एक विकर) कमतरता आणि गरोदरपणाचे शेवटचे आठवडे, इथेही टाळतात. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं कारण नाही.

चिठ्ठीवर सर्रास दिसणारी एक जोडी म्हणजे नायट्रोफ्युरँटॉइन आणि त्याबरोबर आग कमी करणारं अल्कलायझर (लघवीचं आम्ल कमी करणारं) सिरप. हे औषध आम्ल लघवीत जास्त चांगलं चालतं. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. आग फारच असेल तर फिनाझोपायरिडीन दोन दिवस, त्यापलीकडे नको. लघवी भगवी होते, कपड्याला डाग पडतो.

पुरुषांमधला संसर्ग "साधा" धरत नाहीत. किमान सात दिवस उपचार, कल्चर हवंच, आणि आत किती उरते ते बघायचं. ताप असेल तर प्रोस्टेटही त्यात आहे असं समजून चालायचं.

मेघना के

@वैद्यबुवा नव्हे, सिरपच्या मुद्द्याला शंभर वेळा +१.

भर घालते. लक्षण काहीच नाही, तपासणीत सहज जंतू सापडले, तर उपचार करायचा नाही. अपवाद दोनच ठळक: गरोदरपण, आणि ज्यात आतलं अस्तर खरचटून रक्त येईल अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींत असे जंतू कायम सापडतात. दर वेळी गोळ्या दिल्या की लक्षणं तीच राहतात आणि जंतू तेवढे चिवट होतात.

वारंवार होणारा संसर्ग म्हणजे सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा, आणि तोही कल्चरने सिद्ध झालेला. त्यासाठी काय चालतं:

पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० बायका होत्या. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पण हे कमी पिणाऱ्यांसाठी. आधीच तीन लिटर पिणाऱ्याने पाच लिटर प्यायल्याने काही साधत नाही, फेऱ्या वाढतात फक्त.

पाळी गेलेल्या बायकांत योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन. अस्तर जाड होतं, लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू परततात. पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनने हा फायदा होत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बहुतेक जणी पंधरा दिवसांत सोडून देतात.

मेथेनामाइन हिप्युरेट १ ग्रॅम दोन वेळा. प्रतिजैविक नसल्याने प्रतिकार वाढत नाही. इथेही अल्कलायझर नको, आम्ल लघवी लागते.

शुक्राणुनाशक जेली वापरत असाल तर बंद करा, ती योनीतले चांगले जंतू मारते. क्रॅनबेरीचा थोडा उपयोग दिसतो, तोही टाळण्यासाठी, झालेला संसर्ग बरा करण्यासाठी नाही.

कुंपणावरचा

सगळं बरोबर, पण "कल्चर निर्जंतुक, सोनोग्राफी नॉर्मल, तरी दुखतं" या गटाचं काय? त्यांना दहा-दहा कोर्स दिलेले असतात.

अनुस्वार

@कुंपणावरचा, तो मूत्राशय-वेदनेचा आजार, जुनं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. खूण अशी: मूत्राशय भरत जाईल तसं दुखणं वाढतं आणि रिकामं केल्यावर काही वेळ हायसं वाटतं. सहा आठवड्यांहून जास्त, संसर्गाशिवाय. अतिक्रियाशील मूत्राशयात माणूस धावतो ते गळेल या भीतीने, इथे धावतो दुखतं म्हणून. रुग्णाला हा एक प्रश्न विचारला तरी वाट मिळते.

दुर्बिणीने मूत्राशय आतून बघितलं तर काही जणांत लालसर, मध्यातून शिरा पसरलेले चट्टे दिसतात. ते हनर व्रण. ते जाळले किंवा त्यात स्टिरॉइड टोचलं तर आराम चांगला पडतो, म्हणून शोधायलाच हवेत. बाकीच्यांत पायरीपायरीने: त्रास वाढवणारे पदार्थ एकेक वगळून बघणं, ओटीपोटाच्या तळाचे आवळलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी, अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅपासून रात्री. या रुग्णांना कीगल (हेच स्नायू आवळायचे) व्यायाम देऊ नका, स्नायू आधीच घट्ट असतात, दुखणं वाढतं. पेंटोसन १०० मिग्रॅ तीनदा देतात, पण दीर्घ वापरात डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. सुरू करण्याआधी आणि नंतर अधूनमधून डोळे तपासणं आलंच.

पण हे लेबल लावण्याआधी चाळिशीपुढच्या, विशेषतः धूम्रपान केलेल्या रुग्णात दुर्बीण आणि लघवीची सायटॉलॉजी (त्यातल्या पेशींची तपासणी) झालीच पाहिजे. मूत्राशयाच्या अस्तरात पसरलेला सपाट कर्करोग हुबेहूब असाच त्रास देतो आणि सोनोग्राफीत दिसत नाही.

दुर्बीणवाला

कर्करोगाचं निघालंच आहे तर.

न दुखता लघवीतून उघड रक्त जाणं, एकदाच का होईना, म्हणजे कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तपास थांबवायचा नाही. रक्त आपोआप थांबतं, इथेच घात होतो. सहा महिने शांत जातात, मग परत येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे म्हणून रक्त आलं, हे कारण पुरेसं नाही. गोळी बहुधा आत असलेली गाठ उघडी पाडते. बीट, रिफॅम्पिसिन आणि वर आलेलं फिनाझोपायरिडीन लघवी रंगवतात, पण त्यात लाल पेशी नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत कळतं.

तपास म्हणजे लवचिक दुर्बीण आणि वरच्या मार्गासाठी (मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या) सीटी युरोग्राफी. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये, छोटी आणि सपाट गाठ सुटते. मूत्राशय रिकामं असताना केलेली सोनोग्राफी तर न केल्यासारखीच.

कारणांमध्ये तंबाखूचा धूर पहिला, साधारण निम्म्या रुग्णांच्या मुळाशी तोच. धुरातली रसायनं मूत्रपिंड गाळून काढतं आणि ती तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. व्यवसायाचा संबंध जुना आहे: लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत या गाठी दाखवल्या. बेन्झिडीन आणि २-नॅफ्थिलअमाइन ही नावं पुढे आली. रंग, रबर, चामडं या कामांत आयुष्य गेलेल्या माणसाला कामाबद्दल विचारा, आणि वीस-तीस वर्षं मागचं विचारा.

निदानाच्या वेळी साधारण चारातल्या तीन गाठी स्नायूत शिरलेल्या नसतात. त्या दुर्बिणीतून खरवडतात. बायोप्सी रिपोर्टमध्ये एकच ओळ आधी शोधा: तुकड्यात डेट्रुसर स्नायू आहे का? नसेल तर "स्नायूत शिरलेली नाही" या विधानाला अर्थ उरत नाही. गाठ टी१ (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूत नाही) असेल किंवा स्नायू आलेला नसेल तर दोन ते सहा आठवड्यांत परत खरवडतात.

जास्त धोक्याच्या गाठींना मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतले कमजोर केलेले जिवंत जंतू. १९७६ पासूनची पद्धत. आठवड्याला एक असे सहा डोस, मग ठरावीक अंतराने देखभालीचे, एक ते तीन वर्षं. घरच्यांना सांगायचं असं: चार तास आधीपासून द्रव कमी, औषध आत दोन तास धरायचं, पुढचे सहा तास बसूनच लघवी करायची, दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून १५-२० मिनिटं थांबून फ्लश. दोन दिवस आग, घाई, कणकण चालते. ३८.५ च्या वर ताप टिकून राहिला तर ताबडतोब दवाखाना, जिवंत जंतू रक्तात गेलेले असू शकतात. याच कारणाने उघड रक्त जात असताना, नळी घालताना इजा झाली असताना, किंवा खरवडून दोन आठवडे झालेले नसताना बीसीजी देत नाहीत. तारीख ठरली आहे म्हणून रेटायचं नाही.

काचपट्टी

सायटॉलॉजीबद्दल जोडते: उच्च श्रेणीच्या पेशी ती छान पकडते, कमी श्रेणीच्या सुटतात. निगेटिव्ह आली म्हणून दुर्बीण रद्द करू नये. आणि यासाठी मात्र सकाळची पहिली लघवी नको, रात्रभर राहून पेशी खराब होतात. दुसरी किंवा नंतरची ताजी द्या.

तीनपदरी

खड्यांवर थोडक्यात. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात खडा म्हणजे बहुधा लघवी आत उरते आहे: प्रोस्टेट, अरुंद मूत्रमार्ग, नसांचा आजार. नाहीतर आत काहीतरी परकं आहे, जसं विसरलेला स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) किंवा जुनी नळी. धार मधेच तुटते, कूस बदलली की परत सुरू होते, शेवटी दोन थेंब रक्त, शिस्नाच्या टोकाला कळ. शुद्ध युरिक आम्लाचा खडा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. दुर्बिणीतून लेझरने फोडता येतो, पण अडथळा तसाच ठेवून नुसता खडा काढला तर पुन्हा होणारच.

मेघना के

न आवरण्याबद्दल. खोकताना-शिंकताना गळते, घाई होऊन वाटेतच होते, आणि थेंब थेंब कायम गळते, हे तीन वेगळे आजार आहेत. तिसऱ्यात मूत्राशय काठोकाठ भरून ओसंडत असू शकतं, तिथे उरलेली लघवी मोजल्याशिवाय एकही गोळी नको.

पहिलं काम तीन दिवसांची नोंदवही. वेळ, किती मिली झाली, काय प्यायलं, कुठे गळली. मापाचं भांडं लागतं, अंदाज चालत नाही. २४ तासांची एकूण लघवी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलीच्या वर असेल तर दोष मूत्राशयाचा नाही, साखर आणि पाणी बघा. साठीपुढच्या माणसाची एक तृतीयांशहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर पायांची सूज, हृदय, झोपेतलं घोरणं-श्वास अडणं बघा. अशांना प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या जातात आणि रात्रीच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात.

घाईसाठी मूत्राशयाचं प्रशिक्षण. आत्ताचं अंतर तासाचं असेल तर सव्वा तास करा, जमलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा, तीन-साडेतीन तासांपर्यंत. भावना आली की पळायचं नाही. जागीच थांबा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. हे सहा आठवडे करून भागलं नाही तर सॉलिफेनासिन ५ मिग्रॅ किंवा मिराबेग्रॉन. पहिल्याने तोंड कोरडं आणि बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कांत विसरभोळेपणाही वाढू शकतो. दुसऱ्याने रक्तदाब वाढू शकतो, मोजत राहा.

खोकताना गळणाऱ्यांसाठी कीगल: ८ ते १२ आकुंचनं, प्रत्येक ६ ते ८ सेकंद, तेवढीच विश्रांती, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पोट, मांड्या, नितंब सैल. श्वास चालू. धार मधेच थांबवून व्यायाम करू नका, तो स्नायू ओळखण्यापुरता एकदा करायचा प्रयोग आहे. रोज केला तर मूत्राशय अर्धवट रिकामं करायची सवय लागते.

सातवी नस

कण्याच्या रुग्णांसाठी दोन ओळी. लघवी तुंबली, आणि बैठकीच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा आहे, तर ती लघवीची तक्रार समजू नका. तातडीचा एमआरआय.

मज्जारज्जूला कायमची इजा असेल तर स्वच्छ मधूनमधून नळी घालणं ही पद्धत कायम नळीपेक्षा कितीतरी चांगली. दर ४ ते ६ तासांनी, १२ ते १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), दर वेळी निघणारी लघवी ४०० ते ५०० मिलीच्या आत राहील असं अंतर. सातशे निघत असेल तर वेळ चुकतेय, आणि आतला दाब मूत्रपिंडावर जातोय.

इजा टी६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, घाम, रक्तदाब नेहमीपेक्षा २०-४० ने वर: आधी बसतं करा, कपडे सैल करा, नळीला पीळ पडलाय का बघा. नळी नसेल तर मूत्राशय रिकामं करा. रक्तदाबाची गोळी त्यानंतर.

तीनपदरी

आता तुंबणं आणि नळी. इथे हाताने होणाऱ्या इजा सर्वांत जास्त.

अचानक तुंबलेली लघवी असह्य दुखते. प्रोस्टेट हे नेहमीचं कारण, पण निमित्त वेगळं असतं: सर्दीची गोळी, बद्धकोष्ठता, मद्य, शस्त्रक्रियेची भूल. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं, आणि जुन्या अँटिहिस्टामिनने डेट्रुसर लुळा पडतो.

१४ किंवा १६ फ्रेंचची नळी. पुरुषात जेलीची १० मिली सिरिंज मार्गात सोडून तीन ते पाच मिनिटं थांबा, लगेच घालू नका. शिस्न वर ताणून धरा. नळी बाहेरच्या टोकाच्या दुभागापर्यंत पार आत गेली पाहिजे, लघवी वाहिली पाहिजे, आणि मगच आतल्या टोकाजवळचा फुगा फुगवायचा. लघवी दिसली म्हणून अर्ध्यातच फुगवला की तो प्रोस्टेटच्या भागात फुगतो. रुग्ण ओरडला तर तिथेच थांबा. फुग्यात निर्जंतुक पाणी, नळीवर लिहिलंय तेवढं, बहुधा १० मिली. सलाइन नको, क्षार साचून फुगा रिकामा होत नाही. शेवटी मागे घेतलेली त्वचा पुढे आणा. ही विसरली की तासाभरात टोक सुजतं.

भरलेलं मूत्राशय टप्प्याटप्प्याने, क्लँप लावून रिकामं करायची रीत अजून दिसते. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. एकदम रिकामं करा, मात्र पुढचे तास लघवी मोजा. दीर्घकाळ तुंबलेल्या रुग्णात दोन तास सलग ताशी २०० मिलीहून जास्त येत राहिली तर क्षार तपासा आणि द्रव भरून काढा.

नळीच्या बाजूने गळतंय म्हणून जाड नळी घालणं चुकीचं. बहुतेक वेळा ते मूत्राशयाचं आकुंचन असतं, किंवा नळी गाळाने अर्धी बुजलेली, किंवा शौच साठलेलं. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण फरशीला टेकायला नको, आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. कल्चर पाठवायचं असेल तर जुनी नळी बदलून नवीतून नमुना घ्या. पिशवीतली लघवी कल्चरला कधीही नाही.

गुठळ्यांनी तुंबलं असेल तर १६ ची नळी उपयोगाची नाही. २२ किंवा २४ फ्रेंच तीनमार्गी, आधी ५० मिलीच्या सिरिंजने सलाइन मारून गुठळ्या ओढून काढा. त्या निघण्याआधी सलाइनची धार सुरू केली तर आत जातं, बाहेर येत नाही, आणि भिंत फाटू शकते.

कुंपणावरचा

फाटण्याबद्दलच विचारणार होतो. अपघातात मूत्राशय फाटलंय हे ओळखायचं कसं? ओटीपोटाच्या हाडाचं फ्रॅक्चर असलं की नळी घालून लघवी आली, म्हणजे ठीक, असं धरतात.

दुर्बीणवाला

@कुंपणावरचा, चुकीचं धरतात. फाटलेल्या मूत्राशयातूनही नळीने लघवी येते.

दोन प्रकार. ओटीपोटाचं हाड मोडून मूत्राशय खालून, बाजूने फाटतं, लघवी पोटाच्या पडद्याबाहेर पसरते. साधारण ६० टक्के फाटणी अशी. दुसरा प्रकार: मूत्राशय भरलेलं, सीटबेल्टचा किंवा लाथेचा मार पोटावर, आणि घुमटासारखा वरचा भाग, जो सर्वांत कमजोर, तो फुटतो. लघवी थेट पोटात. मद्य घेतलेल्या माणसात हे जास्त, मूत्राशय भरलेलं असतं आणि दुखलेलं कळत नाही. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणतात: पोट फुगलेलं, लघवी जवळजवळ नाही, क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंड बसली असं वाटतं, पण ती ठणठणीत असतात. पोटात सांडलेली लघवी शोषली जाऊन रक्तात परतत असते.

आधी मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त बघा. रक्त असेल तर अंदाजाने नळी ढकलायची नाही. मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे, अर्धवट तुटलेला मार्ग नळीने पूर्ण तुटतो. ओटीपोटाच्या हाडाचं फ्रॅक्चर आणि लघवीत उघड रक्त, दोन्ही असतील तर सिस्टोग्राम, म्हणजे मूत्राशयात औषध भरून एक्स-रे, झालाच पाहिजे. पातळ केलेलं काँट्रास्ट ३०० ते ३५० मिली, सिरिंजने न दाबता उंचावर धरून आपोआप उतरू द्यायचं. १०० मिलीवर थांबलात तर छोटी फाट स्नायूने आवळलेली राहते, फिल्म नॉर्मल येते. मग मूत्राशय रिकामं करून आणखी एक फिल्म, कारण मागच्या बाजूची गळती भरलेल्या मूत्राशयामागे लपते. शिरेतून औषध देऊन, नळीला क्लँप लावून काढलेला सीटी याची जागा घेऊ शकत नाही. तेवढ्याने मूत्राशय पुरेसं ताणलं जात नाही.

फिल्मवर आतड्यांच्या वेटोळ्यांभोवती औषध दिसलं तर पोटात फुटलंय: शस्त्रक्रिया, विरघळणाऱ्या धाग्याने दोन थरांत. रेशीम किंवा नायलॉन नको, त्यावर खडा धरतो. मूत्राशयाशेजारी ज्वाळेसारखा पसरट डाग असेल तर बाहेरची फाट, बहुतेक नुसत्या नळीवर भरते. अपवाद: हाडाची कपची आत घुसलेली, मूत्राशयाची मान फाटलेली, सोबत योनी किंवा गुदाशयाची जखम, किंवा इतर कारणाने पोट उघडलंच आहे. तिथे शिवतात.

मेघना के

शस्त्रक्रियेतल्या इजाही याच धाग्यात येऊ द्या. गर्भाशय काढताना आणि सिझेरियनमध्ये, विशेषतः आधीच्या सिझेरियनने मूत्राशय वर चिकटलेलं असताना, ते कापलं जातं. तिथल्या तिथे ओळखलं आणि शिवलं तर पुढे काहीच होत नाही. खुणा: पिशवीत अचानक रक्त, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पिशवी वायूने फुगणं. संशय आला की नळीतून २०० ते ३०० मिली मिथिलिन ब्लू घातलेलं सलाइन सोडा, निळं कुठून येतं ते दिसतं.

सुटलं तर एक-दोन आठवड्यांनी योनीतून सतत पाणी. ताणून लांबलेल्या प्रसूतीनंतरही असंच फिस्टुला (मूत्राशय आणि योनी जोडणारं छिद्र) होतं, डोक्याच्या दाबाने भिंत मरते आणि काही दिवसांनी गळून पडते. योनीत एकावर एक तीन कापसाचे बोळे ठेवून मूत्राशयात निळं सोडतात. वरचा किंवा मधला बोळा निळा झाला तर मूत्राशयाचं छिद्र, वरचा ओला पण रंगहीन असेल तर मूत्रवाहिनीचं, फक्त खालचा निळा तर मूत्रमार्गातून गळतंय. छोटं छिद्र लवकर सापडलं तर काही आठवडे नळी ठेवून बुजू शकतं.

सातवी नस

@दुर्बीणवाला, नळी किती दिवस? आणि काढताना काय बघायचं?

दुर्बीणवाला

@सातवी नस, बाहेरच्या फाटीला दोन ते तीन आठवडे, शिवलेल्याला एक ते दोन. बाहेरची फाट असेल तर काढण्याआधी पुन्हा सिस्टोग्राम, तेवढ्याच ३०० मिलीने. गळती दिसली तर आणखी एक आठवडा नळी, मग परत बघा. या काळात नळी बंद पडू देणं हाच खरा धोका. रात्री पिशवीत काही आलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, पीळ आणि गुठळी लगेच बघायची. नळी सकाळी काढा, म्हणजे तुंबलीच तर दिवसाउजेडी कळतं. पहिले काही दिवस भावनेची वाट न बघता दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं, आणि घरी सोडण्याआधी उरलेली लघवी एकदा मोजून घ्यायची.